हेल्मेटच्या आतली बाजू

परवा पानशेतच्या रस्त्यावर, एका खानावळीच्या पडवीत एसटीची वाट बघत बसले होते. पुण्याहून आलेल्या सायकलवाल्यांचा घोळका तिथं नाष्ट्याला थांबलेला. त्यातल्या एका मुलीनं डोक्यावरचं हेल्मेट काढलं, मांडीवर उलटं धरलं, आतल्या स्पंजाच्या पट्ट्या एकेक सोडवल्या आणि ओल्या रुमालानं ती आतली बाजू हळूहळू पुसू लागली. वाऱ्याबरोबर तो वास माझ्यापर्यंत आला. घामानं भिजून सुकलेल्या आणि पुन्हा भिजलेल्या स्पंजाचा तो आंबूस, खारट वास. ज्यानं ते काम केलंय त्यालाच तो ओळखू येतो. पंचवीसेक वर्षांत तो माझ्या नाकाला शिवला नव्हता. एसटी आली, तरी मला चटकन उठवेना.

ती वर्षं शतक उलटायच्या आधीची. आम्ही भोरला राहायचो. आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा भाऊ. वडील लवकर गेलेले. आई एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायची, मी बालवाडीत शिकवायचे आणि भाऊ कॉलेजात जातो असं म्हणून सायकल चालवायचा. सायकल म्हणजे शर्यतीची, वाकड्या दांड्याची, गावातल्या सायकल-दुकानाच्या चाचांनी जुने भाग जमवून त्याला उभी करून दिलेली. तालुक्याची शर्यत त्यानं जिंकली तेव्हा बक्षीस म्हणून त्याला ते हेल्मेट मिळालं. पांढरं, वरून गुळगुळीत, आत थर्माकोल. ज्या काळात मोटारसायकलवालासुद्धा उघड्या डोक्यानं घाट चढायचा, त्या काळात सायकलवर टोपडं घालणाऱ्या माझ्या भावाला बघून चौकातली माणसं हसायची. तो कुणाकडं बघायचा नाही. मुळात अबोल. घरात त्याच्या असण्याची खूण एवढीच, की दाराशी सायकल आणि खुंटीला हेल्मेट.

ते हेल्मेट धुण्याचं काम माझ्याकडं कसं आलं ते आठवत नाही. घरातलं सगळंच धुणं माझ्याकडं होतं, त्यात तेही आलं असावं. पण त्याची रीत चाचांनी मला दुकानात बसवून शिकवली होती. पट्ट्या काढायच्या, कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचा थोडा फेस करायचा, त्यात बुडवून दाबायच्या. पिळायच्या नाहीत, पिळलं की स्पंज फाटतो. हनुवटीच्या पट्टीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात, त्या दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायच्या. कवच नुसतं ओल्या फडक्यानं पुसायचं आणि सगळं सावलीत वाळवायचं. "आनि पोरी, रॉकेल, पेट्रोल, थिनर, काय बी लावायचं न्हाई," चाचा म्हणाले होते. "हे थर्माकोल साकरंवानी विरघळतं. वरनं दिसत न्हाई, आतनं पोकळ व्हतं." मी मान हलवली होती. दर रविवारी मागच्या ओट्यावर बसून मी ते करायचे. त्याच्या कपाळाचा घाम माझ्या बोटांना लागायचा. तो काही बोलायचा नाही, मीही नाही. पण आठवड्यातला तेवढा वेळ मी त्याच्याशी बोलते आहे असं मला वाटायचं.

एका वर्षी दिवाळीनंतर वरंधच्या घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याचं डांबरीकरण निघालं. भाऊ रोज त्याच रस्त्यानं सराव करायचा. जिल्ह्याच्या संघाची निवड चार दिवसांवर आली होती आणि एका संध्याकाळी तो परतला तो डांबराचे शिंतोडे अंगावर घेऊन. हेल्मेटच्या डाव्या बाजूला तर काळे चट्टेच. साबणानं ते हलेनात. पुण्याच्या लोकांसमोर माझा भाऊ असलं घाण हेल्मेट घालून उभा राहणार, या विचारानं मला चैन पडेना. पायाला लागलेलं डांबर आम्ही नेहमी पेट्रोलनंच काढायचो. चाचांचं बोलणं मला आठवत होतं. विसरले होते असं मी म्हणणार नाही. वरच्या वर, फडक्याच्या टोकानं लावू, आत कुठं जातंय, असं मनाशी म्हटलं. शेजाऱ्यांच्या मोपेडमधलं वाटीभर पेट्रोल मागून आणलं.

डांबर सुटलं. कवच पांढरंशुभ्र झालं. मग उलटं करून बघितलं, तर हवेच्या भोकातून पेट्रोल आत ओघळलं होतं. डाव्या कानाच्या वरच्या अंगाला थर्माकोल खचून तिथं लिंबाएवढा खळगा पडला होता. बोट लावलं तर चिकट लागलं. मग स्पंजाची पट्टी त्या खळग्यावर दाबून बसवली. काही दिसेना.

सकाळी त्यानं हेल्मेट हातात घेतलं. "चकचकीत केलंस की, आक्का," तो म्हणाला. मग नाकाशी नेलं. "पेट्रोल?"

"डांबर निघंना म्हनून."

"आत न्हाई ना गेलं?"

"न्हाई," मी म्हणाले.

तो गेला. दहाच्या सुमाराला एका टेम्पोवाल्यानं त्याला भोरच्या दवाखान्यात आणून टाकलं. उतारावर ताज्या खडीवरून सायकल घसरली होती आणि तो डाव्या अंगावर, कठड्याच्या दगडावर पडला होता. तिथून पुण्याला नेलं. नऊ दिवस तो शुद्धीवर नव्हता. शुद्धीवर आला तेव्हा उजवा हात उचलता येत नव्हता आणि शब्द सापडत नव्हते. डॉक्टर आईला म्हणाले, "हेल्मेट होतं म्हणून वाचला."

आईनं ते वाक्य मनावर कोरून घेतलं. चीर गेलेलं ते हेल्मेट तिनं घरी आणून देवांच्या फळीवर ठेवलं आणि रोज त्याला हळदकुंकू वाहू लागली. देवघर पुसायचं काम माझं. मी रोज ते उचलायचे, खालची फळी पुसायचे आणि उलटं न करता परत ठेवायचे.

महिन्याभरानं चाचा भावाला बघायला आले. चहा होईपर्यंत त्यांनी फळीवरचं हेल्मेट खाली घेतलं, आणि सवयीनं त्यांचं बोट पट्टीखाली गेलं. मी दारातून बघत होते. त्यांनी पट्टी पुन्हा जागेवर बसवली. जाताना मला बाहेर बोलावलं.

"त्याला म्हाईत हाय?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

"लई जोरात पडलाय त्यो. चांगलं असतं तरी काय झालं असतं, ते म्या सांगू शकत न्हाई," ते म्हणाले. "तुला बरं वाटावं म्हनून खोटं बोलनार न्हाई पोरी." त्यानंतरही ते दर आठवड्याला येत राहिले. तो विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही.

पुढची सात वर्षं आमच्या घरात एकाच वेगानं गेली. त्याला जेवू घालणं, हाताला तेल लावणं, झटके यायचे तेव्हा कुशीवर वळवून धरून ठेवणं. बघायला आलेल्या एका स्थळाला मी नाही म्हटलं, पुढं कुणी विचारलं नाही. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. ते ऐकताना मी मान खाली घालायचे आणि त्यांना तो विनय वाटायचा.

सातव्या वर्षी, पावसाळ्यातल्या एका दुपारी त्याच्या हाताला तेल चोळताना मी सांगून टाकलं. आई घरात नव्हती. "आतलं थर्माकोल म्या वितळवलं व्हतं," म्हणाले. "तू विचारलंस तवा न्हाई म्हनले. खोटं बोलले." हात चोळणं मी थांबवलं नाही. त्याच्याकडं बघायचं धाडस नव्हतं.

शब्द गोळा करायला त्याला फार वेळ लागायचा. त्या दिवशी आणखीच लागला.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "पट्टी... काढून... बघितलं व्हतं. सकाळी." थोड्या वेळानं म्हणाला, "दुसरं... कुठं व्हतं?"

मग त्यानं पाणी मागितलं. मी दिलं.

पडण्याआधीचे कितीतरी दिवस त्याच्या डोक्यातून पुसले गेले होते. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं आणि आम्हीही ते रोज बघत होतो. त्या सालची दिवाळी त्याला आठवत नव्हती. निवड चार दिवसांवर होती, हे आठवत नव्हतं. सायकलीचा रंगसुद्धा तो आईला विचारायचा. मग त्या सकाळी पट्टी काढून बघितलेली तेवढीच कशी आठवली? हे विचारायचं मी उद्यावर टाकलं, मग परवावर. त्याच पावसाळ्यात एका झटक्यातून तो बाहेर आला नाही.

आता आईही नाही. कधी वाटतं, त्याला खरंच आठवलं असेल. म्हणजे सगळं बघून, एक शब्द न बोलता, त्यानं ते डोक्यावर चढवलं आणि माझ्या खोट्याला मान देऊन निघून गेला. कधी वाटतं, काहीच आठवलं नसेल, आणि हाताशी मोजके शब्द उरलेल्या माणसानं ते जुळवून माझ्यासाठी एक सकाळ रचली असेल. यातलं कुठलं सोसायला सोपं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काळ गेला म्हणून ते हलकंही झालेलं नाही. विचारायला हवं होतं असं वाटतं, आणि नाही विचारलं तेच बरं असंही वाटतं. तो सत्तावीस वर्षांचा राहिला, मी पन्नाशी ओलांडली. त्याच्यानंतर माझ्याशी इतकं जपून कुणी बोललं नाही.