पत्रे उतरवल्यावरही

चूक माझी होती, हे आधी लिहून टाकतो. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. पण एका माणसावरचा विश्वास मी फार सहज सोडला…

मुखेडला बस स्टँडच्या मागे माझं पेंड-सरकीचं दुकान आहे. पुढे गाळा, मागे पत्र्याचं गोडाऊन. पत्रे गौतम मिस्त्रीने बसवलेले. गौतम माझा शाळेपासूनचा मित्र, मला अजून शाळेतल्यासारखं बसू, बस्या म्हणणारा. पहिल्याच थंडीत, सकाळी दुकान उघडलं की वरून आवाज यायला लागला. टण्… टण्… या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी जड पायाने चालत गेल्यासारखा. थंडीत लोखंड आखडतं, ऊन लागलं की सैल होतं, एवढं मलाही कळतं. पण ढगाळ सकाळीही आवाज तोच, चालही तीच. हमाल आत जाईनात. गिऱ्हाईक हसायचं, "शेठ, वर भाडेकरू ठेवला काय?"

मला राग काढायला कुणीतरी हवं होतं. चहाच्या टपरीवर, चारचौघांत मी गौतमला धरलं. "अर्धे स्क्रू मारलेच न्हाईस तू, पैसे खाल्लास. खोटं असंल तर ठेव लेकीच्या डोक्यावर हात आन् सांग!" त्याची मुलगी डबा द्यायला आली होती, बाजूलाच उभी होती.

गौतमने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बसू, लोखंडापायी लेकीच्या डोक्यावर हात? न्हाई ठेवत."

"बघा! आलं का बाहेर?" मी म्हणालो. लोकांनीही तेच धरलं. गावात त्याला कुणी शेडचं काम देईना. तो एस.टी.ने लातूरला मजुरीला जाऊ लागला.

पुढच्या थंडीत मी देगलूरचा फिटर आणला. सगळे पत्रे उतरवून तो म्हणाला, "काम तर लई पक्कं हाय हो शेठ. एक स्क्रू ढिला न्हाई. कशाला काढाय लावलं?"

पत्रे बाहेर रचले. वर नुसता सांगाडा उरला. दुसऱ्या सकाळी आम्ही गोडाऊनमध्ये उभे, डोक्यावर मोकळं आभाळ — आणि टण्… टण्… फिटर शिडी चढून सांगाड्याचा लोखंडी अँगल धरून बसला. हाताला थरथरसुद्धा लागेना, आवाज मात्र त्याच्याजवळून पुढे गेला. तो खाली उतरला आणि त्याने पाणी मागितलं.

नवे पत्रे बसले, तरी आवाज येतोच. कशाचा, ते मला आजही माहीत नाही. शोधायचंही त्राण राहिलं नाही.

मोकळ्या सांगाड्यावर आवाज ऐकला, त्याच दिवशी मी गौतमच्या घरी गेलो. "चुकलो रे," म्हणालो.

तो बूट घालत होता. "हितं घरात कशाला सांगतूस बस्या? बोललास ते टपरीवर, चारचौघांत."

आम्ही दोघं टपरीवर गेलो. बरेचसे तेच लोक होते. "गौतमनं काम चोख केलं होतं," मी म्हणालो, "खोटा मी. अन् लेकीचं डोकं मधी आणलं, त्यावर बोलायला तर तोंडच न्हाई मला. गौतम, माफ कर."