माझ्यासाठी कोण बोलेल?

प्रभूच्या घरात येऊन मला पुष्कळ वर्षे झाली होती. ठाण्याच्या आमच्या मंडळीत, घरोघर जाऊन बायकांना शास्त्र शिकवणारी म्हणून माझे नावही बरे झाले होते. आणि तरीही न्यायाच्या दिवसाची गोष्ट निघाली की मला भीती वाटे. हे मी कोणाजवळ बोलत नसे. दुसऱ्यांना मात्र बेधडक विचारी, "तुझ्या तारणाची तुला खात्री आहे ना?" समोरची बाई चाचरली की मला राग येई, एवढे सोपे उत्तर हिला देता येऊ नये! मग घरी आले की तोच प्रश्न आपल्याला विचारला तर काय म्हणायचे, याची उजळणी करीत बसे. सिंहासनापुढे मी उभी आहे, नाव पुकारले गेले आहे आणि माझी दातखीळ बसली आहे, असे काहीतरी डोळ्यांपुढे येई. माझा स्वभाव मूळचा बोलका, कोणाला हार न जाणारा. म्हणून त्या दातखिळीचीच मला जास्त धास्ती वाटे.

माझे म्हणावे असे जगात कोणी उरले नव्हते, हेही त्या भीतीच्या मुळाशी असेल. यजमानांनी आणि मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा माहेरच्यांनी माझे घटश्राद्ध घातले, म्हणजे मी जिवंत असतानाच मेले असे समजून माझ्या नावाने घडा लवंडला. पुढे यजमान गेले. मूलबाळ नव्हते. एकटीच्या घरात माणूस स्वतःशी फार बोलते, आणि ते बोलणे काही नेहमी हिताचे नसते.

प्लेगने आमच्या भागात ठाण मांडले त्या सालची ही गोष्ट. कल्याणला आमच्यातली एक म्हातारी राहत असे. उतारवयात विश्वासात आलेली, लिहिता-वाचता न येणारी. ती अंथरुणाला खिळली आहे आणि मरणाला फार भिते आहे, असा निरोप आला. तिला धर्माची प्रश्नोत्तरे मीच पाठ करायला लावली होती. जाऊन ती एकवार घोकून घ्यावीत म्हणजे तिला धीर येईल, अशा विचाराने मी निघाले. गाडीत बसले तेव्हाच अंगात कसर होती. पण निघालेच आहे तर जाऊ, म्हणून दामटले.

कल्याणला सगळ्या उतारूंना उतरवून रांगेत उभे केले. बायकांची तपासणी पडद्याआड एक मडम करीत होती. माझ्या अंगात ताप आणि काखेत गळू. गळू साधे होते, पण त्या दिवसांत काखेतले गळू आणि प्लेगची गाठ यांत फरक करीत बसायला कोणाला सवड होती? मला बाजूला काढले आणि बैलगाडीत घालून गावाबाहेरच्या छावणीकडे रवाना केले.

छावणी म्हणजे माळावर उभारलेल्या कुडाच्या झोपड्या, वर झावळ्या. प्रत्येक जातीची चूल निराळी, म्हणून झोपड्यांच्या ओळीही जातवार. शिधा सरकारातून मिळे. पण रांधून घालणारे, पाणी पाजणारे, कूस बदलायला हात देणारे माणूस ज्याचे त्याचेच. अगदी शेवटी, ओळी संपल्या की, एक लांबलचक मांडव होता. ज्यांचे कोणी नाही त्यांना तिथे ठेवीत. तिथून आपल्या पायांनी घरी गेलेले कोणी पाहिले नाही, असे गाडीवान वाटेत सांगत होता.

छावणीच्या दाराशी एक कारकून टेबल मांडून बसला होता. दुपारचे ऊन रणरणत होते आणि मला धड उभे राहवत नव्हते.

"जात?" त्याने विचारले.

"ख्रिस्ती."

"पूर्वीची सांगा."

"पूर्वीची मी मेले," मी म्हणाले. तापातही माझी जीभ शाबूत होती.

"अहो बाई, चूल कोणती द्यायची ते विचारतोय मी. भांडायला बसवलंय का मला इथे?" बिचारा वैतागला. मग मान वळवून, झोपड्यांपुढे जमलेल्या माणसांना त्याने मोठ्याने विचारले, "कोणाची आहे का हो ही बाई? कोणी ओळखतं का हिला?"

कोणी बोलले नाही. माझ्या पूर्वीच्या जातीची माणसे समोर होती. त्यांनी नजर फिरवली. एका हाताने टेबलाची कड धरून मी उभी होते, आणि जे चित्र मी इतकी वर्षे मनात पाहत आले तेच जणू दिवसाढवळ्या पुढे उभे राहिले. मला विचारले जात आहे, आणि माझ्यापाशी उत्तर नाही. पाठ केलेले एक अक्षर आठवेना. प्रभो, असे म्हणायचेही सुचले नाही, हे मी खरे सांगते.

"माजी हाय ती."

आवाज मागच्या ओळीतून आला. गुडघ्यापर्यंत लुगडे खोचलेली एक आगरी बाई माणसांना बाजूला सारीत पुढे आली. कोलशेतच्या मिठागरात राबणारी होती, हे मला मागाहून कळले. खाऱ्या पाण्याने तिच्या हातापायांना भेगा पडल्या होत्या. तिला मी जन्मात पाहिले नव्हते.

आणि आता माझा शहाणपणा ऐका. खोटे बोलायचे नाही, खोट्याचा लाभही घ्यायचा नाही, हे मी बायकांना इतके बजावीत आलेली की तोंडातून निघून गेले, "नाही हो. या माझ्या कोणी लागत नाहीत. मी यांना ओळखत नाही."

कारकुनाने तिच्याकडे पाहिले. ती कसची दबते!

"तिला कनाला इचारतंव? तापान भान नाय तिला. मी सांगतंय ना, माजी हाय," असे म्हणून तिने माझा दंड धरला. कारकुनाने तिचेच बोलणे मान्य केले. माझी साक्ष माझ्याच विरुद्ध गेली होती, आणि ती कोणी धरली नाही.

तिच्या झोपडीत एक चटई रिकामी होती. तिची सून त्याच चटईवर नुकतीच गेली होती. तिने मला तिथे निजवले, कपाळावर ओले फडके ठेवले. शेजारणी कुजबुजल्या, बाटलेली बाई चुलीजवळ घेतेस म्हणून. त्यावर ती कडाडली, "जल्ला तुमचा सोवला! मानूस मरतंय, नि यांना चूल सुचतंय." पुढे काही दिवस मला ताप फार होता. ती पेज करी, तीत मिठाचा खडा टाकी आणि माझे डोके मांडीवर घेऊन घोटघोट पाजी. माझ्या आईनंतर मला असे कोणी भरवले नव्हते. पेज पिता पिता मी रडत असे आणि ती म्हणे, "रड गो बाय, पन गिळ."

जरा शुद्धीवर आल्यावर माझा जुना स्वभाव जागा झाला. मी तिला म्हटले, "तुम्ही खोटं का बोललात? देव विचारील ना."

"तुला इचारला तं माज्याकडं धाड त्याला," ती म्हणाली. मग चुलीत फुंकर घालून, "कोनीच बोलत नव्हता, मंग मी बोलली. त्यात काय?"

गळू फुटले आणि ताप उतरला. प्लेग नव्हताच, असे डॉक्टर म्हणाले. असेल तसे. मी त्याचा वाद घालीत नाही. पण त्या चटईवर पडल्या पडल्या, झावळ्यांतून येणारे ऊन पाहत असताना, माझ्या जिवाला एक गोष्ट उमगली आणि ती पुन्हा कधी निसटली नाही. इतकी वर्षे मी न्यायाच्या दिवसासाठी आपली उत्तरे तयार करीत होते. माझ्या उत्तरावर सगळे अवलंबून आहे असे धरून चालले होते. आणि छावणीच्या दाराशी माझे उत्तर तर चुकलेच. मला वाचवायला आलेल्या माणसालाच मी नाकारले. तरी मी वाचले, कारण जिने मला आपली म्हटले तिने आपला शब्द मागे घेतला नाही. त्या बाईचे बोलणे व्यवहारात खोटे होते, हे मला कळते. पण प्रभू जेव्हा मला आपली म्हणेल तेव्हा ते खोटे असणार नाही. त्याने मला आपली करून घ्यायला आपला जीव दिला आहे. एका अनोळखी बाईचा शब्द मला मांडवापासून वाचवतो, तर त्याचा शब्द मला किती वाचवील! हे मी बायकांना हजार वेळा शिकवले होते, पण कळले मला त्या चटईवर. मी खूप वेळ मनात त्याचे आभार मानीत राहिले.

छावणीतून सोडल्यावर मी तशीच कल्याणला म्हातारीकडे गेले. ती अजून होती, पण थकली होती. मला पाहताच घाबरी झाली आणि उठून बसायची धडपड करू लागली. "बाई, मला काहीच आठवत नाही हो," ती म्हणाली. "पहिलं उत्तरही येत नाही. तिथं विचारलं तर मी काय सांगू?" तिला भीती मरणाची नव्हती, माझ्या प्रश्नोत्तरांची होती, हे मला त्या वेळी समजले. मी तिच्या उशाशी बसले, तिचे डोके मांडीवर घेतले आणि छावणीच्या दाराशी काय झाले ते सगळे सांगितले, माझ्या शहाणपणासकट. ते ऐकून ती चक्क हसली.

मग तिने विचारले, "म्हणजे बाई, मला काही बोलावं लागणार नाही?"

"नाही," मी म्हणाले. "तोच बोलेल."

"मग बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटून स्वस्थ झोपली. तिला असे झोपलेले घरच्यांनी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते.

मिठागरावरच्या त्या माउलीकडे मी अजून जाते. प्रभूविषयी सांगते, ती काम करता करता ऐकते, आणि मला खायला घातल्याशिवाय सोडत नाही. तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. माझ्या स्वतःच्या तारणाविषयी मात्र आता मी उजळणी करीत नाही. माझे नाव पुकारले जाईल तेव्हा, जे मला ओळखतात त्यांना नवल वाटेल, पण मी तोंड मिटून उभी राहणार आहे.