विमान बघणारे डॉक्टर

उल्हासनगरपासून वांगणीपर्यंतच्या पट्ट्यात आमच्या डॉक्टरांइतका ओळख विसरणारा माणूस दुसरा नसेल. दवाखान्यात तुमच्याशी तासभर बोलतील, पण बाजारात समोर आलात की लगेच मान वर. विमान बघायला लागायचे. विमान असो नसो. एकदा असेच आभाळाकडे बघत ते टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसले आणि तिथूनही खाली बघायला तयार नव्हते. कातडीचे आणि झाकून ठेवायच्या आजारांचे डॉक्टर ते. आपण ओळख दाखवली तर चारचौघांत पेशंटचं बिंग फुटेल, ही त्यांना धास्ती. सख्ख्या मेव्हण्यालाही ते रस्त्यात ओळखत नसत, त्यामुळे त्या बिचाऱ्याबद्दल लोक भलतंच बोलू लागले होते.

दवाखान्यात नावानं हाक मारायची नाही हा दुसरा नेम. त्यांचे वडील वांगणीचे शेतकरी, म्हणून प्रत्येकाला एकेक भाजी वाटून दिलेली. "दुधी, आत या!" म्हटलं की व्यायामशाळेतला एखादा पहिलवान लाजत उठायचा. माझा नवरा शेवगा होता. तो उल्हासनगरला जीन्स शिवतो, मी त्याच जीन्सचे धागे कापते. आम्ही परभणीकडचे, राहतो बुवापाड्यात. माझी शाळा सातवीत सुटली, आणि मला कशाचीही भीती वाटते. त्या दिवसांत तर जास्तच, कारण आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं आणि आता पुन्हा दिवस गेले होते. दृष्ट लागेल म्हणून मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्याचंही काही सांगायचं राहिलं होतं. तो डॉक्टरांना म्हणाला होता, "साहेब, बायकोच्या गोळ्या माझ्याकडंच द्या. ताकदीच्या म्हणून देतो तिला." हे मला नंतर त्यानंच सांगितलं. डॉक्टर खवळले. "न तपासता, खोटं बोलून दुसऱ्याच्या बायकोला गोळ्या चारू? कायदा ऱ्हायला बाजूला, माझी आय मला घरात घ्यायची नाय. आन् तुझं गुपित मी तिला सांगणार नाय, तेही कायद्यात बसत नाय. तुझ्या तोंडानं सांग. पण तिला घेऊन ये. एकच चप्पल शिवून कोण चाललाय रं?"

म्हणून मी गेले. "घोसाळं, आत या!" अशी हाक आली. मला घोसाळं केलं याचाच आधी राग आला. आत दोन खुर्च्या, मध्ये टेबलावर पाण्याचे दोन पेले आणि नवऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट. डॉक्टर नवऱ्याला म्हणाले, "सांग आता. मी विमान बघतो." आणि खरंच आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. नवरा अडखळत बोलला. कुठं गेला होता, काय लागण झाली, ती मलाही झाली असेल. माझ्या कानांत कापसासारखं काही भरलं. बाहेरचा लिंब लांब लांब जाताना दिसला.

"मी गावाला चालले," मी म्हणाले.

"जा गो बाय," डॉक्टर खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले. "पण इलाज करून जा. रागाचा आन् औषधाचा काय संबंध?" मग वळून, आपली खुर्ची जवळ ओढून हळूच विचारलं, "पाळी कवा आली होती?"

मी रडायला लागले. नवऱ्याला तिथंच कळलं. डॉक्टरांनी त्याच्या गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोरून उचललं. "बघ शेवग्या, ही गोळी पोटुशीला चालत नाय. ताकदीची म्हणून चारणार होतास." मला तपासून वेगळं औषध दिलं, आणि दोघांनी एकाच वेळी, आपापल्या पेल्यातल्या पाण्यानं पहिली गोळी घ्यायची, असं फर्मावलं. लग्नातल्या घासासारखं. मी नवऱ्याकडे बघितलं नाही, पण गोळी गिळली. गावाला गेले नाही. बोलायला मात्र बरेच दिवस लागले.

परवा बदलापूरच्या बाजारात डॉक्टर दिसले. दवाखाना बंद केलाय म्हणतात, हातात काठी आलीय. माझी मुलगी बोट धरून होती. मला वाटलं, पायाच पडावं. पण त्यांची मान वर गेली. नेम म्हणून की आता खरंच ओळख पुसली गेलीय, कोण जाणे. मध्येच एकदा नजर खाली आली, पोरीवर जरा वेळ थांबली, आणि पुन्हा आभाळात गेली.

"आई, ते आजोबा काय बघतायत?"

"विमान," मी म्हणाले, आणि त्यांच्या शेजारी उभी राहून मीही वर बघत राहिले. आभाळ अगदी मोकळं होतं.