मान बघणाऱ्या तळवडेकर डॉक्टर

बाकीचे डॉक्टर जीभ दाखवायला सांगतात. तळवडेकर डॉक्टर मान दाखवायला सांगायच्या. मूल तापाने फणफणलेलं असो नाहीतर गुडघा फोडून आलेलं असो, आत शिरल्या शिरल्या त्या बोटाने हवेत एक गिरकी काढायच्या. म्हणजे पाठ करून उभं राहायचं. मग चष्मा कपाळावर चढवून, वेण्या बाजूला सारून त्या मान बघायच्या आणि मगच बाकीचं दुखणं विचारायच्या. मुलुंड पूर्वेला तळमजल्यावर त्यांचा लहान मुलांचा दवाखाना होता. मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. सगळी हयात मुंबईत गेली, तरी रागावल्या की मालवणीवर यायच्या, आणि रागवायच्या बऱ्याचदा.

माझी त्यांची पहिली गाठ मात्र दवाखान्यात नाही, स्टेजवर पडली. आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी लहान मुलांची स्पर्धा असायची. पत्रिकेवर ‘सुदृढ बालक’ छापायचे, पण निकाल गालांवरून लागायचा. मी दीड वर्षाची असताना पहिला नंबर पटकावला होता. आईच्या कडेवर न मावणारी मी, हातात कप, असा फोटो हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलेला होता. खात्यापित्या घरची पोर म्हणून सगळ्यांना कोण अभिमान! पुढे मी अकरा वर्षांची झाले तरी माझा घाट काही बदलला नव्हता. बाबा मंडळाचे कार्यवाह, त्यामुळे त्या वर्षी बक्षिसांचं तबक घेऊन उभं राहायचा मान माजी विजेती म्हणून मलाच मिळाला. परीक्षक म्हणून तळवडेकर डॉक्टरांना बोलावलं होतं.

त्यांनी कुणाचे गाल ओढले नाहीत. एक चेंडू मागवला आणि स्टेजवर घरंगळत सोडला. ज्यांच्यावर सगळ्यांची नजर होती ती गुबगुबीत बाळं बसल्या जागी बघत राहिली. एक किडकिडीत मुलगी तेवढी चेंडूमागे धावली, पडली, उठली, आणि चेंडू छातीशी धरून कुणाला देईना. डॉक्टर म्हणाल्या, “पहिला नंबर हिचा.” बाबा त्यांच्या कानाशी लागले, “मॅडम, ही तर काडी आहे. लोक काय म्हणतील?” माईक चालू होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांनी माईकवरच उत्तर दिलं, “लोकांना वजनच बघायचं असेल तर परीक्षक कशाला बोलावता? काटा आणा!” खाली हशा पिकला आणि आमच्या कार्यवाहांची पार वाट लागली.

त्या गोंधळात मी तबक घेऊन त्यांच्या पुढ्यात पाठमोरी उभी होते. मानेवर गार बोट लागलं. आईने थापलेली पावडर त्यांनी पुसून काढली होती. “ही कुणाची?” त्यांनी विचारलं. बाबा आधीच कानकोंडे झाले होते. “माझीच,” ते म्हणाले. “उद्या हिला आणि हिच्या आईला दवाखान्यात पाठवा. तुम्हीपण या.”

पावडर थापायचं कारण असं की चौथीपासून माझी मान काळी पडत चालली होती. जाडसर, मखमलीसारखी काळी. घरात सगळ्यांना वाटायचं, मळ आहे. दर रविवारी आई मला मोरीत बसवून बेसन आणि लिंबू लावून मान घासायची, आणि त्याने जात नाही म्हटल्यावर वजरीने. “एवढी घोडी झाली, पण अंघोळ म्हणून धड करता येत नाही,” असं म्हणत घासायची. मान सोलवटायची, काळेपणा मात्र तसाच. वर्गात मुली माझ्या मागच्या बाकावर बसायच्या नाहीत. मी दिवसातून दोनदा अंघोळ करायचे, तरी मळकी ती मळकीच.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या मानेवरचे ओरखडे बघितले आणि आईचा हात हातात घेतला. “घासू नको गो. ह्यो मळ नाय.” मग नेहमीच्या मराठीत त्यांनी सांगितलं की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते रक्तात वाढत जातं आणि मानेची कातडी अशी काळी, जाड होते. साबणाने जाणारी ही गोष्टच नव्हे. आई रडायला लागली, “म्हणजे इतकी वर्षं मी पोरीला उगाच…”

“तुला मळ दिसला, तू घासलास. मला इन्सुलिन दिसलं, मी तपासणार. रडायचं ते घरी जाऊन रड, आता रक्त द्यायला पाठव हिला.”

तपासण्यांत साखर अगदी काठावर आलेली निघाली आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी. आमच्या घरात साखरेची ओळख करून द्यायची गरज नव्हती. आजीच्या पायाची दोन बोटं साखरेनेच गेली होती, आणि रोज सकाळी तिचं ड्रेसिंग आमच्यासमोरच व्हायचं. डॉक्टर म्हणाल्या, “आजीला म्हातारपणी झालं ते हिला विशीत होईल. पण अजून वेळ गेलेली नाही. लहान मुलांचं शरीर लवकर ऐकतं.”

बाबांना पटेना. “डॉक्टर, वाढतं अंग आहे. हिला कधी साधा ताप येत नाही. वयात आली की आपोआप उतरेल ना!”

“कांजूरला कचरा टाकतात. वारा फिरला की वास कुठे येतो?”

“आमच्या बेडरूममध्ये,” बाबा लगेच म्हणाले. त्या वासाविरुद्ध सह्यांची मोहीम त्यांनीच काढली होती.

“मग तसंच हे. चरबी पोटावर बसते, पण गप्प बसत नाही. रक्तात काहीबाही सोडत राहते. आत बारीक सूज राहते, रोजची. दुखत नाही, ताप येत नाही, म्हणून तुम्हाला पटत नाही. लिव्हरला आणि रक्तवाहिन्यांना ती बरोब्बर कळते.” बाबांना गप्प करणारं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

औषधापेक्षा त्यांची दटावणीच जास्त. “चेडवाक उपाशी ठेवशात तर माझ्याशी गाठ आसा,” हे आधी. मग, “पोरीला एकटीला वेगळं ताट वाढलंत तर माझ्याकडे येऊ नका. घरात जे शिजेल ते सगळ्यांना एकच.” त्यामुळे बाबांचं संध्याकाळचं फरसाण बंद झालं, आणि ते काही दिवस घरात सुतक असल्यासारखे वावरले. फ्रिजमधल्या गोड सरबताच्या बाटल्या गेल्या. काट्यावर मला त्या नेहमी उलटी उभी करायच्या. “आकडा माझ्या कामाचा. तुझं काम खेळायचं.” खेळायला जागा नाही, कंपाउंडमध्ये पार्किंग असतं, असं आई म्हणाली, तर डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं. “मग हे कार्यवाह कसले?” बाबांनी शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण संध्याकाळी गाड्या बाहेर लावायला लावून कंपाउंड मोकळं करून घेतलं. लंगडीत मी सगळ्यात आधी बाद व्हायचे. पुढे पुढे सगळ्यात आधी नाही.

मी काही काडी झाले नाही. हाडच आमचं दणकट. पण सातवी-आठवीपर्यंत मान स्वच्छ झाली, लिव्हर सुधारलं, साखर काठावरून मागे सरली. गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं.

अकरावी-बारावी क्लास, खुर्ची आणि वडापाव यांच्यात गेली. गेलेलं सगळं वजन परत आलं, पाळी लांबायला लागली, मान पुन्हा काळवंडली. मी केस मोकळे सोडायला लागले आणि दवाखान्यावरून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने स्टेशन गाठायला लागले. बारावीची परीक्षा संपल्यावर एकदाची एकटीच गेले. काय काय कारणं द्यायची ते पाठ करून गेले होते. डॉक्टरांनी बोटाची गिरकी काढली. मी वळले. त्यांनी केस उचलून बघितलं आणि हलक्या हाताने पुन्हा खाली सोडले.

“इलंस मा? बस मगे.”

एवढ्यानेच मला रडू फुटलं. “डॉक्टर, सगळं वाया घालवलं मी.”

“वाया कसलं? एकदा केलंस, तुला ते जमतं. वजन वाढतं, उतरतं, परत वाढतं, त्याचा मला राग नाही. तू गल्ली बदललीस त्याचा आहे. मागच्या खिडकीतून दिसतेस तू मला. लाजेपायी माणसं दवाखान्यात येत नाहीत, आणि येतात तेव्हा डोळे नाहीतर पाय घालवून येतात. तुका कित्या लाज? दुखण्याची कसली लाज?”

त्या दिवशी ऐकलेलं मला आजवर पुरलं आहे. त्यानंतरही माझं वजन वर-खाली झालं, पण गल्ली बदलली नाही. आज मी पंचविशीची आहे, नोकरी करते आणि मला डायबिटीस नाही. ज्या विशीची त्यांनी भीती घातली होती ती निम्मी पार पडली. उरलेली निम्मीही मी निभावीन याची मला खात्री आहे, आणि ही खात्री त्यांचीच देणगी आहे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टर गेल्या. दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. सकाळी दवाखाना केला होता. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. त्यांच्या पदव्या सांगून झाल्या, सेवाभाव सांगून झाला, बाबांनी स्पर्धेचा किस्सा स्वतःवर हसत सांगितला. आणि मग आई उठली. माझी आई चार माणसांत कधी बोलत नाही. माईकही तिने हातात घेतला नाही.

“आम्ही घरात हिला ढब्बू म्हणायचो,” ती म्हणाली. “लाडाने. शाळेतल्या मुली चिडवतात म्हणून मी शाळेत जाऊन भांडले, आणि घरी हाक मात्र तशीच मारायचे. ही कधी काही बोलली नाही. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला मागे थांबवलं. मला वाटलं, आणखी काहीतरी वाईट सांगतायत. म्हणाल्या, पोरीला नाव ठेवलंयस ना? मग त्या नावाने हाक मार. आधी ते कर, मग पथ्य.”

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी मोठी झाले म्हणून ती हाक बंद पडली, अशीच माझी समजूत होती.

आई खाली बसली. पदर चाचपला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मेघना, रुमाल दे गं.”