भंडारा उचलताना

आमच्या तिठ्यावर कॅमेरा बसला तो नदीकाठच्या पाण्याच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या म्हणून. चोर केबल कापून आतलं तांबं विकायचे आणि पलूसकडचा आमचा ऊस उभ्या उभ्या वाळायचा. गावानं मिळून कॅमेरा घेतला आणि त्याची देखरेख आण्णांकडे दिली. आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, शिस्तीचे, आणि रिकामं बसणं ठाऊक नसलेले. कॅमेऱ्याचं चित्र त्यांच्या मोबाईलवर दिसायचं. मी साताऱ्याला नोकरीला आहे. शनिवारी एसटीनं घरी आले की ते मला गावाची हालहवाल सांगायचे, ती सगळी त्या पडद्यावरची. कुणाची सून माहेरी निघाली, कोण कुणाच्या दारात घुटमळलं. मी म्हणायचे, आण्णा, सगळं तुम्हीच बघताय, आता देवळातल्या खंडोबाला रजेवर पाठवा. ते हसायचे. त्यांना ती थट्टा आवडायची आणि नेमकं तेच मला खटकायचं.

तिठ्याला लागूनच काकीचं घर. नात्यातली नव्हे, पण माझ्या लहानपणापासून ती काकीच. नवरा कधीच गेलेला, एकुलता एक मुलगा फौजेत. भरतीच्या आधी आण्णांनीच त्याला बांधावरून पहाटेचं पळवलं होतं. कसा आहे म्हणून विचारलं की काकी म्हणायची, शिमेवर हाय, बरा हाय, आणि पदर सावरून पुढं चालू लागायची.

या उन्हाळ्यात मात्र गावाची नजर तिच्याकडे वळली. एकट्या बाईला एवढं दूध कशाला लागतं, असं एकीनं विचारलं. खिडक्यांना आतून पोती का लावलीत, असं दुसरीनं. मग घरातून पुरुषाच्या खोकण्याचा आवाज येतो म्हणाले. मग खोकला नव्हे, गुरगुरणं म्हणाले. बाईनं घरात काहीतरी पाळलंय, हे वाक्य मी पिठाच्या गिरणीत ऐकलं आणि हसले. हसणारी मी एकटीच होते.

त्यातच काकीच्या समोरच्या घरातल्या सुनेचं, दिवस भरत आलेले असताना, मूल पोटातच गेलं. आणि त्याच आठवड्यात आण्णांना पडद्यावर काकी दिसली. दिवेलागणीला पत्रावळीवर दहीभात, वर कुंकू, कापलेलं लिंबू घेऊन ती तिठ्यावर आली आणि समोरच्या घराच्या भिंतीशी तो उतारा ठेवून निघून गेली.

आमच्याकडे दुखणाऱ्या माणसावरून दहीभात ओवाळून तिठ्यावर टाकतात. माझ्या आईनं माझ्यावरून टाकलाय, त्यात जगावेगळं काही नाही. पण काकी एकटी. मग ओवाळला कुणावरून? गावाला उत्तर सापडायला वेळ लागला नाही: आपल्या माणसावरून उतरवला नाही, म्हणजे दुसऱ्याच्या माणसावर घातला. आण्णांनी ते चित्र पारावर दोघाचौघांना दाखवलं. त्यातल्या कुणीतरी ते आपल्या मोबाईलमध्ये घेतलं आणि दुपारपर्यंत ते घराघरांत पोचलं.

पुढच्या शनिवारी मी आले तेव्हा काकीच्या छपराची कौलं फुटली होती. गिरणीवाल्यानं तिचं दळण परत पाठवलं होतं. विहिरीवरची तिची पाण्याची पाळी दुसऱ्यानं घेतली होती आणि तिच्या दारावरून जाताना बाया लेकरांच्या तोंडावर पदर धरत होत्या. मला आण्णांचा भयंकर राग आला. कुणावर करणीचा आळ घेणं हा गुन्हा आहे, उद्या कुणी तिला जाळलं तर काय कराल, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाले, उद्या तिला खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून शपथ घेऊ दे. तिचं मन साफ असेल तर गावाचं तोंड बंद होईल, देवच काय ते बघेल. ते मनापासून तिला वाचवायला निघाले होते, हे मला कळत होतं. तरी मला झोप लागली नाही.

रविवारी सकाळी देवळासमोर अख्खा गाव जमला. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी यात्रेतही पाहिली नव्हती. भंडारा उचलायची आमची रीत कडक आहे. गुरव शपथ सांगतो, उचलणाऱ्यानं मुठीत हळद धरून ती शब्दाला शब्द म्हणायची. एक शब्द गळला तरी शपथ खोटी. खोटी शपथ घेणाऱ्याचं काय होतं याच्या गोष्टी आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेल्या. काकी पुढं आली. तिच्या मुठीतून हळद सांडत होती. मला तिची कणव आली असं म्हणायला आवडेल, पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी तिची भीती वाटली.

गुरव म्हणाला, "म्हना, शिमेवर असल्याल्या माज्या लेकाची शप्पत, म्या कुनावर काय बी क्येलेलं न्हाई."

काकी म्हणाली, "माज्या लेकाची शप्पत, म्या कुनावर काय बी क्येलेलं न्हाई."

समोरच्या घरची सासू पुढं सरकली. शबूद गाळला, म्हणाली. गुरवानं पुन्हा सांगितलं. काकीनं पुन्हा तो तेवढा शब्द सोडून बाकीची शपथ म्हटली, खणखणीत. गर्दी हलली. मागच्या बाजूला कुणीतरी खाली वाकलं, आणि ते कशासाठी वाकलं हे मला दगड दिसायच्या आधी कळलं. आण्णा तिच्यापाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले की वैनी, एका शब्दासाठी जिवावर बेतू देऊ नका, म्हणून टाका.

काकी त्यांच्याकडे न बघता गाभाऱ्याकडे बघत होती. "आवं, त्येला समदं दिसतंय. त्येच्या म्होरं कसं म्हनू शिमेवर हाय म्हून? घरात हाय माजा लेक."

मग ती खाली बसली आणि बोलत राहिली. दिवाळीत रजेवर आला तो परत गेलाच नाही. सीमेवर सोबतचा पोरगा याच्या डोळ्यांदेखत मारला गेला, तेव्हापासून हा अंधारात बसतो. माणसाचा आवाज आला की भिंतीला पाठ लावतो. फौजेतला पोरगा खुळा झाला असं गाव म्हणेल म्हणून तिनं लपवलं. दहीभात त्याच्यावरूनच ओवाळलेला. सांगलीच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, आधी दिवेलागणीला तो घरामागच्या परड्यात तरी यायचा, पण खांबावर तो डोळा बसल्यापासून उंबरा ओलांडत नाही. आपल्यालाच पकडायला बसवलाय म्हणतो.

आण्णांचा चेहरा मला बघवेना. ज्याला पळायला शिकवलं तो चार भिंतींपलीकडे त्यांच्याच भीतीनं बसलेला, आणि दिवसरात्र पडद्यात डोळे घालूनही त्यांना तो दिसला नव्हता. ते काकीच्या घराकडे चालू लागले. मी मागोमाग, आणि आमच्यामागं गाव. दाराशी पोचल्यावर काकीनं आण्णांचा हात धरला. जपून, म्हणाली, उशाला कोयता घेऊन बसतो.

आण्णांनी कडी वाजवली नाही. नुसती हाक मारली, फौजेतल्या आवाजात नव्हे, घरातल्या. आत काहीतरी घासलं गेलं. मग आतून आवाज आला.

"कोन कोन बघतंय?"

आण्णांनी वळून पाहिलं. गल्ली भरलेली होती, माड्यांवर माणसं होती, दोघातिघांनी मोबाईल वर धरले होते. मला वाटलं आता ते हुकूम सोडतील. त्यांनी हात जोडले. आधी मोबाईल खाली गेले. मग माणसं मागं सरली, दारं लागत गेली. समोरची सासू तेवढी जागची हलेना, तेव्हा मूल गमावलेली तिची सून बाहेर आली आणि सासूला दंडाला धरून आत घेऊन गेली. आण्णांनी स्वतःचा मोबाईल माझ्या हातात दिला आणि कॅमेरा बंद कर म्हणाले. मी केला.

"कोन न्हाई रं लेका," ते दाराला म्हणाले.

"आनि वरचा?"

आण्णांनी देवळाच्या दिशेनं पाहिलं.  "त्यो बघतोय," ते म्हणाले. "पर त्यो दुसऱ्या कुनाला दावत न्हाई."

 मग आण्णांनी एक गोष्ट केली, जी फौजेत जन्म घालवलेला माणूस करणार नाही. त्यांनी दाराकडे पाठ केली, मान खाली घातली आणि तसेच उभे राहिले. काकीनं तोंडात पदर कोंबला. मला ओरडून त्यांना बाजूला ओढावंसं वाटत होतं. आतून कडी निघाली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.