बॅटरीवरचा फ्रिज

सरोजताईंच्या पर्समध्ये कंगवा नसे, पण वीज मोजायचा मल्टिमीटर असे. नेदरलँड्समधल्या बेस्ट या आमच्या गावच्या गणपतीत आरतीआधी दिव्यांची माळ विझली आणि जमलेल्या सगळ्यांनी आपापलं मत सांगायला सुरुवात केली. तेव्हा साठी उलटलेल्या एक बाई मधे घुसल्या. "आधी मोजा, मग बोला," म्हणाल्या. ती आमची पहिली भेट.

वीज मंडळातून इंजिनियर म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यावर भारतातून इकडे मुलाकडे, निखिलकडे आल्या. "सोफ्यावर बसून मी दूध उतू जातंय का बघणार नाही," असं जाहीर करून त्यांनी जुना कॅम्पर घेतला. आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. त्यातला मूळचा छोटा फ्रिज धड गार करेना, म्हणून तो काढून घरात असतो तसला फ्रिज बसवला आणि तो बॅटरीवर चालावा म्हणून इन्व्हर्टर. ही हौस नव्हती. त्यांना मधुमेह होता आणि सहलीभराचं इन्सुलिन थंड राहायला हवं होतं.

निखिलनं अट घातली, "आई, फ्रिज एकदा जरी बंद पडला तर कॅम्पर विकायचा."

"बरं," त्या म्हणाल्या.

तोवर कॅम्पर दारातच, घरच्या विजेवर उभा असे. जुलैच्या उन्हात आम्ही दोघी झीलंडच्या समुद्राकडे निघालो, ती बॅटरीवरची पहिलीच सफर. ब्रेडा शहराच्या पुढे इन्व्हर्टर किंचाळायला लागला आणि फ्रिज गप्प झाला.

"ताई, परत फिरू या."

"का? रस्ता बंद पडलाय? आणि फ्रिजचं दार उघडू नकोस, आतला गारवा टिकू दे."

गाडी बाजूला लावून त्यांनी मीटर काढला. फ्रिज पुन्हा सुरू होताना बॅटरी ठणठणीत होती, पण इन्व्हर्टरच्या टोकाशी व्होल्टेज धाडकन पडत होतं. "म्हणजे वीज वाटेत अडतेय." इन्व्हर्टरला वायर जोडलेली तिथे हात नेला तर जोड चांगलाच तापलेला. सगळं बंद करून त्यांनी नट सोडवला. खाली जळका, तांबूस थर.

मी बोट लावलं. "ताई, हे कुंकू आहे."

आदल्या खंडेनवमीला बाईंनी हत्यारांबरोबर इन्व्हर्टरचीही पूजा केली होती. नोकरीतल्या शिस्तीप्रमाणे आधी वायर सोडवली, उघड्या बोल्टला ओलं हळदकुंकू लावलं, आणि पूजेनंतर वायर त्याच्यावरच आवळली. मला हसू आवरेना.

"दात काढू नकोस, नखांची कानस काढ."

माझ्या कानशीचं वाटोळं झालं, पण बोल्ट चकाकला. त्यांनी जोड आवळला, पुन्हा मोजलं. फ्रिज गुरगुरला. तेवढ्यात निखिलचा फोन.

"आई, फ्रिज चालू आहे ना?"

नुसतं हो म्हणा, अशी मी खूण केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बंद पडला होता. माझ्याच कुंकवानं. आता चालू आहे."

"मग ठरल्याप्रमाणे..."

"ठरवताना तू फ्रिजबद्दल बोलत होतास की माझ्याबद्दल? फ्रिजबद्दल असेल तर तो दुरुस्त झाला. माझ्याबद्दल असेल तर मी विकायला काढलेली नाही."

फोन ठेवून त्यांनी गाडी सुरू केली. समुद्राच्या दिशेनं.

पुढच्या खंडेनवमीला कुंकू इन्व्हर्टरच्या झाकणावर लागलं. "पूजा बरोबरच होती, जागा चुकली," एवढंच त्यांनी कबूल केलं. त्यानंतर त्या डेन्मार्कपर्यंत जाऊन आल्या, बहुतेक वेळा एकट्या.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. निखिल कॅम्परची किल्ली घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, कुणी घेणारं आहे का?"

"फ्रिज चालतो का?"

"चालतो."

"कशावरून?"

त्यानं खिशातून आईचा मीटर काढून टेबलावर ठेवला. "मोजलं."

"मग विकायचं कारण सांग."

 निखिल मीटर आणि किल्ली, दोन्ही उचलून घरी गेला.