याहा मोगीची वरची रेघ

तळोद्याच्या जीपस्टँडलगत ललितचं गाड्यांवर रेडियमची नावं चिकटवून द्यायचं दुकान आहे. तिथे रमिलाबाई आठ वर्षं चटईवर बसून चिमटा चालवत होत्या. मशीन रेडियमवर अक्षरं कापून द्यायचं आणि आजूबाजूचा नको असलेला भाग सोलून अक्षरं तेवढी ठेवायची, हे त्यांचं काम. दिवाळीनंतर कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर सुरतेला निघून गेला. दुसरा मिळेपर्यंत म्हणून ललितने त्यांना खुर्चीवर बसवलं. सातवीच्या शिक्षणावर अक्षरं मांडायचं कोरल सॉफ्टवेअर शिकताना घाम फुटला, पण माऊस हाताला बसला. शिवाय खुर्चीवर आल्यापासून त्यांचे गुडघे रात्री ठणकेनासे झाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता शहाद्याचा एक ऑपरेटर सोमवारपासून यायला तयार होता. ललित कळसाडीला लग्नाला जाताना सांगून गेला, की जीपवाल्या चैत्याच्या काचेवरचं नाव एकटीने काढा; नीट निघालं तर त्या ऑपरेटरला नको म्हणतो, नाही तर तुमचा चिमटा आहेच. शेवटचं तो हसत म्हणाला. रमिलाबाईंना हसू आलं नाही.

नाव होतं ‘याहा मोगी माता’, डोंगरातल्या देवीचं, मागच्या काचेवर, लाल रेडियमात. जुन्या ऑपरेटरच्या फाइलमधून त्यांनी एकेक अक्षर उचललं, शेजारी शेजारी ठेवलं, वरच्या रेघा एकमेकींवर जराशा चढवल्या. पडद्यावर सगळं एकसंध लाल दिसत होतं. मशीनने कापलं आणि त्या सवयीने सोलायला बसल्या. चिमटा लावताच ‘या’ आणि ‘हा’च्या मधे रेडियमचा नखाएवढा तुकडा सुटून आला. पुढे प्रत्येक जोडावर तेच.

चैत्या त्यांच्याच गावाकडचा, त्यांना फुई, म्हणजे आत्या, म्हणणारा. त्याला बारा वाजता सवाऱ्या घेऊन डोंगरात निघायचं होतं.

“लाव ना फुई, तुकडे जवळजवळ बसव. कोण बघतंय?”

“महिनाभराने ऊन बघेल,” रमिलाबाई म्हणाल्या. “मोगीमातेचं नाव आहे, पापडासारखं उलटेल.”

लाल रेडियम आता एका नावापुरतंच उरलं होतं. ललितला फोन लावला तर बँडच्या आवाजात तो नुसता हॅलो हॅलो करत राहिला.

त्या पुन्हा पडद्यासमोर बसल्या. आठ वर्षं ऑपरेटरची अक्षरं सोलली होती. त्याची वरची रेघ कधी तुटली नव्हती. म्हणजे कापण्याआधी तो काहीतरी करत असणार. त्यांनी अक्षरांतला लाल रंग काढून टाकला आणि नुसत्या कडा ठेवल्या. तेव्हा कळलं. प्रत्येक अक्षराभोवती स्वतःचं वेगळं कुंपण होतं आणि जोडावर दोन-दोन कुंपणं एकमेकांत घुसली होती. मशीन बिचारं दिसेल ती रेघ कापत गेलं.

सगळी अक्षरं निवडली तशी वर बटणांची रांग उमटली. पहिलं दाबून पाहिलं आणि रंग भरला, तर नेमके जोडच पांढरे, पोकळ. ते मागे घेतलं. दुसऱ्या बटणावरच्या चित्रात दोन चौकोन वितळून एक झालेले होते. ते दाबलं आणि मधली कुंपणं नाहीशी झाली. प्रत्येक शब्दाभोवती बाहेरून एकच कड फिरली. ‘मा’च्या पोटातली पोकळी मात्र जागेवर होती. तिन्ही शब्द त्यांनी दोनदा मोठे करून, बोट फिरवत तपासले.

मशीन चालू असताना त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. चैत्या दारात उभा राहून सवाऱ्यांना थोपवत होता. मग चिमटा लावला. पहिल्या जोडावर काही सुटलं नाही. दुसऱ्यावरही नाही. तिन्ही शब्दांची वरची रेघ टोकापर्यंत सलग राहिली, आणि रमिलाबाईंनी चैत्याला काच पुसायला सांगितली.

काचेवर नाव चढलं. चैत्याने त्यावरून तळवा फिरवला, हात कपाळाला लावला आणि फोटो काढून ललितला धाडला.

दहा मिनिटांनी ललितचा फोन आला. आता बँड जरा लांब गेला असावा.

“रमिलाबाई, जोड कसा काय जमना?”

“बटन दाबलं.”

तो बहुतेक फोटो पुन्हा मोठा करून पाहत असावा. “त्या शहादावालाले मी नको सांगी देस,” तो म्हणाला.

बरं, एवढंच त्या बोलल्या. जीप गेल्यावर पंखा आपल्याकडे वळवला, डबा उघडला, आणि खुर्चीवर बसूनच गार भाकरी सावकाश खाल्ली.